मोराटोरियम : मुदतीच्या एका शब्दाची कथा

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीच्या भयानें सारे व्यवहार बंद पडले, तेव्हां एक परका शब्द अकस्मात् मराठी घरांत शिरला. ता. २७ मार्च रोजीं रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलें कीं, ता. १ मार्चपासून ता. ३१ मेपर्यंत भरावयाचे कर्जाचे हप्ते तीन महिने पुढें ढकलण्याची मुभा बँकांनीं आपल्या ऋणकोंना द्यावयास हरकत नाहीं. पुढें ही मुदत ता. ३१ ऑगस्टपर्यंत वाढविण्यांत आली. या सवलतीचें नांव 'मोराटोरियम'. घराच्या, गाडीच्या किंवा दुकानाच्या कर्जाचा हप्ता दरमहा भरणाऱ्या गृहस्थाला हा शब्द ऐकून हायसें वाटलें असल्यास नवल नाहीं. हप्ता भरावयाचा नाहीं, म्हणजे तेवढें ओझें उतरलें, असा त्याचा सरळ अर्थ मनांत उभा राहतो. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबलें नव्हतें. तें मुकाट्यानें मुद्दलांत मिळत होतें, आणि मुदत सरल्यावर कर्जाचें वय कांहीं महिन्यांनीं वाढलेलें दिसत होतें. ज्या शब्दाचा अर्थ नीट न कळल्यामुळें घरचा हिशेब चुकतो, त्या शब्दाची कुळकथा पाहणें हा केवळ पंडितांचा विरंगुळा राहत नाहीं.

हें कुळ शोधूं लागतां प्राचीन रोमच्या न्यायसभेंत जावें लागतें. लॅटिन भाषेंत 'मोरा' म्हणजे विलंब, 'मोरारी' म्हणजे विलंब करणें किंवा थांबून राहणें; त्यावरून 'मोरातोरियुस', म्हणजे विलंब लावणारा, असें विशेषण झालें, आणि त्या विशेषणाच्या नपुंसकलिंगी रूपापासून आजचा शब्द सिद्ध झाला. परंतु रोमन कायद्यांत 'मोरा' हें सवलतीचें नांव नव्हे. तें दोषाचें नांव होय. देण्याचा दिवस उलटल्यावरही जो ऋणको योग्य कारणावांचून देणें देत नाहीं, तो 'मोरा'च्या दोषास पात्र होई. सचोटीवर आधारलेल्या करारांत त्या वेळेपासून त्याच्यावर व्याज चढूं लागे. आणि द्यावयाची वस्तु मध्यंतरीं दैववशात् नाश पावली, तरी ती हानि त्याच्याच माथीं बसे. तात्पर्य, 'मोरा' हा ऋणकोनें आपण होऊन केलेला विलंब, आणि 'मोराटोरियम' हा राजसत्तेनें त्याला करूं दिलेला विलंब. एकाच मुळाचीं हीं दोन फळें. एक दंडास पात्र, दुसरें दंडापासून वांचविणारें. दुसऱ्यावर राजमुद्रा आहे, एवढाच काय तो भेद.

ही राजमुद्रा रोमचे बादशहा देत असत. अडचणींत आलेला ऋणको अर्ज करी, आणि बादशहाच्या पत्रानें त्याला मुदत मिळे. परंतु अशानें धनको बुडण्याचा संभव. म्हणून चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत असा निर्बंध घालण्यांत आला कीं, फेडीबद्दल लायक जामीन दिल्यावांचून असें मुदतपत्र ग्राह्य धरूं नये. सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहाच्या कायद्यानें धनकोंपुढें दोन मार्ग ठेविले : ऋणकोची मालमत्ता ताब्यांत घेणें, अथवा त्याला पांच वर्षांची मुदत देणें. धनकोंत मतभेद झाल्यास ज्यांचें येणें अधिक, त्यांचें मत चाले. मध्ययुगानंतर फ्रान्सचे राजेही अशींच मुदतपत्रें देत असत. या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान दिसते. मुदत देणाऱ्यानें मुदत संपेल त्या दिवसाचा विचार आधींच करून ठेविलेला असे. जामीन कोण, काळ किती, आणि तो सरल्यावर काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें पत्रांतच असत.

हा विचार केला नाहीं तर काय होतें, याचें अत्यंत दारुण उदाहरण पॅरिस शहरानें १८७१ सालीं पाहिलें. १८७० च्या जुलै महिन्यांत फ्रान्सनें प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलें. त्या काळीं पॅरिसचा बहुतेक किरकोळ व्यापार मुदती हुंड्यांवर चालत असे. छोट्या कारखानदारानें कच्चा माल घ्यावा, तीन महिन्यांची हुंडी सकारावी, माल विकून येणाऱ्या पैशांतून ती वटवावी, असा क्रम. युद्ध सुरू होतांच विक्री बसली. हुंड्या वटणें अशक्य झालें. तेव्हां ता. १३ ऑगस्ट १८७० च्या कायद्यानें व्यापारी हुंड्यांची मुदत पुढें ढकलण्यांत आली, आणि युद्ध लांबलें तसतशी ही मुदतही लांबत गेली. ता. १९ सप्टेंबरपासून पॅरिसला शत्रूचा वेढा पडला. तो चार महिन्यांहून अधिक काळ टिकला. लोकांनीं घोडे खाल्ले, घरांतील लांकूडसामान जाळून थंडी भागविली, जिन्नस गहाण टाकले. दुकानें बंद, घरभाडीं थकलेलीं. राष्ट्रीय रक्षकदलांत नांव असलेल्यास मिळणारा दीड फ्रँकचा रोज हाच हजारों कुटुंबांचा आधार होता.

१८७१ च्या जानेवारीअखेर युद्धतहकुबी झाली, आणि फेब्रुवारींत नवी राष्ट्रसभा निवडून बोर्दो येथें भरली. तींत ग्रामीण भागांतील पुराणमताभिमानी सभासदांचें बहुमत होतें. पॅरिसनें काय सोसलें होतें, याची त्यांना पुरती कल्पना नव्हती आणि फारशी आस्थाही नव्हती. ता. १० मार्च रोजीं या सभेनें ठराव केला कीं, ता. १३ ऑगस्ट ते ता. १२ नोव्हेंबर १८७० या काळांत ज्यांची मुदत भरली असती, त्या हुंड्या बरोबर सात महिन्यांनीं देय व्हाव्या. याचा अर्थ, पहिली हुंडी अवघ्या तीन दिवसांनीं, ता. १३ मार्चला, दारांत उभी राहणार. बाजार अजून उघडलेला नव्हता. ज्या मालाच्या विक्रीतून ती हुंडी वटावयाची, तो माल विकला गेला नव्हता, आणि जो विकला गेला होता त्याचा पैसा वेढ्याच्या महिन्यांत पोटांत गेला होता.

ता. १३ ते ता. १७ मार्च या पांच दिवसांत पॅरिसमध्यें सुमारें दीड लक्ष हुंड्या न वटतां परत गेल्या, आणि त्यांबद्दल कायदेशीर निषेधाचे लेख झाले. असा लेख म्हणजे त्या काळच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीनें अब्रूवर उमटलेला डाग आणि दिवाळखोरीची पहिली पायरी. त्याच सुमारास रक्षकदलाचा रोज बहुतेकांसाठीं बंद करण्यांत आला. थकलेल्या भाड्यांना कांहीं संरक्षण उरलें नाहीं. मजूर आधींच असंतुष्ट होता. आतां त्याच्या शेजारीं लहान दुकानदार आणि कारागीर येऊन उभा राहिला, जो एरव्हीं दंग्याच्या नांवानें दाराला अडसर घालणारा मनुष्य. ता. १८ मार्च रोजीं माँमार्त्रच्या टेकडीवरील तोफा हलविण्यास सरकारी फौज आली, तेव्हां शहर उठलें. दहा दिवसांनीं, ता. २८ मार्चला, पॅरिस कम्यूनची घोषणा झाली.

या उठावाचीं कारणें अनेक होतीं. पराभवाची चीड, प्रजासत्ताकाविषयींची धास्ती, राष्ट्रसभेनें राजधानी सोडून व्हर्सायला जाण्याचा केलेला निर्णय, हीं सर्व त्यांत आहेत. पण दुकानदार वर्ग कम्यूनकडे कां झुकला, हें त्या पांच दिवसांतील दीड लक्ष हुंड्या पाहिल्यावांचून समजत नाहीं. कम्यूनलाही तें चांगलें समजलें होतें. सत्ता हातीं येतांच दुसऱ्या दिवशीं, ता. २९ मार्चला, तिनें वेढ्याच्या काळांतील थकलेलीं भाडीं माफ केलीं आणि गहाण पडलेल्या जिनसांची विक्री थांबविली. एप्रिलच्या मध्यास तिनें हुंड्या व अन्य देणीं ता. १५ जुलैपासून तीन वर्षांत, बिनव्याजी, हप्त्यांनीं फेडण्याची सवलत दिली. परंतु ता. २८ मे रोजीं रक्ताच्या पाटांत कम्यूनचाच अंत झाला. सात महिने पुढें ढकललेला दिवस तीन दिवसांच्या सूचनेनें परत आणल्याचा हा परिणाम. इंग्रजी भाषेंत 'मोराटोरियम' या शब्दाचा प्रवेश झाला तो याच दशकांत.

त्रेचाळीस वर्षांनीं हा शब्द लंडनच्या नित्याच्या बोलण्यांत आला. १९१४ च्या जुलैअखेर युरोपांत युद्धाचा वणवा पेटतांच परदेशांतून लंडनला येणारा पैसा थांबला. ता. ३१ जुलैला तेथील शेअरबाजार बंद झाला. दुसऱ्या दिवशीं बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर शेंकडा १० वर गेला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची बँकांची सुटी गुरुवारपर्यंत वाढविण्यांत आली. ता. २ ऑगस्टला हुंड्यांना एक महिन्याची मुदत मिळाली, ता. ३ रोजीं देणीं पुढें ढकलण्याचा कायदा पार्लमेंटनें मंजूर केला, आणि ता. ६ रोजीं सर्वसाधारण मोराटोरियम जाहीर झाला. पण त्यांतून मजुरी व पगार, पांच पौंडांपर्यंतचीं देणीं आणि सरकारी कर वगळले होते. म्हणजे धनाढ्य पेढीला थांबतां येईल, पण मोलकऱ्याचा आठवड्याचा पगार थांबवितां येणार नाहीं, अशी त्यांत योजना होती.

त्याहून महत्त्वाचें म्हणजे मधल्या काळांत केलेलें काम. नाण्याची टंचाई भासूं नये म्हणून ता. ७ ऑगस्टला एक पौंडाच्या सरकारी नोटा निघाल्या. युद्धापूर्वीं सकारलेल्या हुंड्या बँक ऑफ इंग्लंडनें विकत घ्याव्या आणि त्यांत नुकसान आल्यास तें सरकारनें सोसावें, अशी व्यवस्था झाली. तुंबलेल्या हुंड्यांना अशी वाट मिळाली, आणि ता. ४ नोव्हेंबरला मोराटोरियम संपला, तेव्हां कोठेंही दंगा झाला नाहीं. पॅरिस आणि लंडन यांच्या संपत्तींत मोठें अंतर होतें, हें खरें; परंतु दोहोंच्या अनुभवांत जें अंतर पडलें तें मुख्यतः या कारणामुळें कीं, एकानें मिळालेली मुदत केवळ भोगली आणि दुसऱ्यानें ती वापरली.

पुढें व्यक्तींच्या व व्यापाऱ्यांच्या देण्यांवरून हा शब्द राष्ट्रांच्या देण्यांवर गेला. महायुद्धानंतर जर्मनीवर नुकसानभरपाईचें ओझें होतें, आणि इंग्लंड-फ्रान्सवर अमेरिकेच्या कर्जाचें. १९३१ सालीं जर्मनीच्या बँका डळमळूं लागल्या, तेव्हां ता. २० जूनला अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनीं सरकारांमधील हीं सर्व देणीं एक वर्ष थांबवावीं, अशी सूचना केली. फ्रान्सची संमति मिळण्यास ता. ६ जुलै उजाडली, ता. १३ जुलैला जर्मनींतील एका अग्रगण्य बँकेनें दारें बंद केलीं. एक वर्षाची मुदत १९३२ सालीं सरली, पण देणीं पुन्हा पूर्ववत् सुरू झालीं नाहींत. लोझान येथील परिषदेनें जर्मनीची नुकसानभरपाई जवळजवळ मोडीत काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फ्रान्सनें अमेरिकेचा हप्ता भरला नाहीं. आणि १९३४ च्या मध्यापर्यंत फिनलंडखेरीज बहुतेक सर्व ऋणको राष्ट्रांनीं हात वर केले. येथें मुदत हें मृत्यूचें सौम्य नांव ठरलें.

याच्या उलट प्रकारही घडतो. जर्मनीनें १९२४ व १९३० सालीं उभारलेल्या आंतरराष्ट्रीय कर्जांवरील १९४५ ते १९५२ या काळाचें थकलेलें व्याज १९५३ च्या लंडन-करारान्वयें थांबवून ठेविलें होतें. जर्मनी पुन्हा एक होईल तेव्हां तें द्यावें, असें ठरलें. देश दुभंगलेला, त्याचे दोन तुकडे दोन शत्रुपक्षांत. तो दिवस उगवेल अशी खात्री कोणासही देतां येण्यासारखी नव्हती. पण ता. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं जर्मनी एक झाला, झोपीं गेलेलें देणें जागें झालें, आणि त्याचा शेवटचा हप्ता ता. ३ ऑक्टोबर २०१० रोजीं फिटला. ज्यांच्या युद्धाचें तें देणें, त्यांच्या नातवांनीं आणि पणतवांनीं तें फेडलें.

कर्जाच्या वहींतून बाहेर पडून हा शब्द दुसऱ्या क्षेत्रांतही गेला आहे. १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय देवमासा-मंडळानें व्यापारासाठीं देवमासे मारण्यावर मोराटोरियम घातला. तो १९८५-८६ च्या हंगामापासून अमलांत आला, आणि १९९० पर्यंत त्याचा फेरविचार व्हावयाचा होता. आज चार दशकें होत आलीं तरी ही तात्पुरती बंदी कायम आहे. तात्पुरतें म्हणून जें थांबतें तें कधीं कायमचें थांबतें, हें यावरून दिसतें. पण कायमचें थांबेल अशी आशा धरून बसणें हा मात्र निराळा भाग.

हिंदुस्थानांत शब्द नवा असला तरी वस्तु नवी नव्हती. मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारांत 'तहकूब' आणि 'सूट' हे दोन शब्द शेजारीं नांदत असत, आणि त्यांतील अंतर शेतकऱ्याला पंडिताहून अधिक चांगलें ठाऊक होतें. सूट म्हणजे सारा गेला. तहकूब म्हणजे सारा थांबला, चांगल्या सालीं तो वसूल होणार. या एका शब्दासाठीं १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सत्याग्रह झाला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब मागण्याचा हक्क नियमानें दिलेला होता. पीक चार आण्यांहून कमी, असें शेतकरी म्हणत. अधिक, असें सरकारी आणेवारी म्हणे. ता. २२ मार्च रोजीं गांधीजींनीं नडियाद येथें लढा पुकारला. वल्लभभाई पटेल त्यांच्याबरोबर होते. सरकारनें गुरें व भांडीं जप्त केलीं, तरी लोक हटले नाहींत. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, मागणी माफीची नव्हती. देणें नाकबूल नव्हतें. तें देण्याची वेळ कोणती, एवढाच वाद होता. ज्यांना शक्य आहे त्यांनीं भरावें, गरिबांचा सारा तहकूब राहील, अशा तडजोडीनें जूनमध्यें लढा मिटला. पण गरीब कोण हें ठरविण्याचा अधिकार लोकांच्या हातीं आला नाहीं, म्हणून गांधीजींनीं आत्मकथेंत या शेवटाविषयीं असमाधान प्रगट केलें आहे.

'तहकूब' हा अरबी-फारसी वळणाचा दप्तरी शब्द मराठींत इतका मुरला आहे कीं, सभा तहकूब होते, खटला तहकूब होतो, आणि १९२२ सालीं चौरीचौऱ्याच्या रक्तपातानंतर गांधीजींनीं कायदेभंगाची चळवळ तहकूब केली, असेंच मराठींत म्हटलें जातें. अलीकडे त्याच्या जागीं 'स्थगित' आणि 'स्थगिती' हे संस्कृत शब्द अधिक रूढ झाले आहेत. त्यांची व्युत्पत्ति मोठी बोधप्रद आहे. संस्कृतांत 'स्थग्' या धातूचा अर्थ थांबविणें असा नाहीं. झांकणें, दृष्टिआड करणें, असा आहे. ढगांनीं झांकलेलें आकाश तें स्थगित आकाश. आणि याच कुळांत 'स्थग', म्हणजे लबाड, हा शब्द आहे. मराठींतील 'ठग' तो हाच. झांकून ठेवणें आणि फसविणें या दोन क्रिया भाषेनें एका घरांत बसविल्या, त्या कांहीं अगदींच उगाच नव्हेत.

रोमचा शब्द सांगतो कीं, देणें लांबलें आहे. संस्कृत शब्द सांगतो कीं, देणें झांकलें आहे. देणें नाहींसें झालें, असें दोहोंपैकीं एकही सांगत नाहीं. २०२० सालच्या सवलतीचा शेवट पाहतां हाच प्रश्न न्यायासनापुढें गेला. मुदतीच्या सहा महिन्यांत व्याजावर व्याज घेणें कितपत न्याय्य, असा वाद सर्वोच्च न्यायालयांत उभा राहिला. दोन कोटि रुपयांपर्यंतच्या कर्जांना चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतील फरक देण्याचें सरकारनें ऑक्टोबरांत जाहीर केलें होतें. ता. २३ मार्च २०२१ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, त्या काळाचें व्याजावरील व्याज किंवा दंडव्याज कोणत्याही ऋणकोकडून घेऊं नये. परंतु मूळ व्याज माफ करण्याची मागणी मात्र त्यानें फेटाळली. रोमन भाषेंत सांगावयाचें तर, राजमुद्रेनें दिलेल्या विलंबास दोष मानूं नये, पण विलंबाचें मोल मात्र द्यावें लागेल, असा हा निवाडा.

मुदत देणाऱ्या राज्यकर्त्यानें आणि मुदत घेणाऱ्या गृहस्थानेंही या शब्दाच्या इतिहासांतून एकच गोष्ट उचलावी. मोराटोरियम ज्या दिवशीं सुरू होतो त्या दिवसाची वार्ता सर्वत्र गाजते. तो ज्या दिवशीं संपतो तो दिवस मात्र पंचांगांत कोणी लिहून ठेवीत नाहीं. पॅरिसच्या दुकानदारांचा घात ता. १३ ऑगस्टनें केला नाहीं, तो ता. १३ मार्चनें केला.